दात आला का?

आमच्या गावात मेलेल्या बाळाच्या तोंडात बोट घालायचं काम माझं होतं. जन्माला येणारं पोर माझ्याच हातात पडायचं, म्हणून जाणाऱ्याचंही मीच बघायचं असं होऊन गेलं होतं. कुणी ठरवलं ते विचारू नका. असली कामं कुणी ठरवत नाही, ती एखाद्या बाईच्या गळ्यात येऊन पडतात आणि मग सगळे म्हणतात की तिचा हात चांगला आहे.

बघायचं एवढंच, की दात आला होता का. आला नसेल तर पोर तार्राच्या झाडात जातं. जिवंत झाडाच्या खोडात भोक कोरतात, त्यात पोराला उभं ठेवतात आणि वर माडाच्या काळ्या काथ्याची झडप ठोकतात. तार्राचा चीक पांढरा असतो. पोर तो पितं आणि झाडाबरोबर वाढत राहतं. त्याला मेलेलं कुणी म्हणत नाही.

दात आला असेल तर मात्र ते मोठं माणूस. अर्ध्या तांदळाएवढा का असेना, दात तो दात. मग त्याला मोठ्या माणसासारखंच जावं लागतं. रेडा कापायचा, कड्यात कोरलेल्या भोकात ठेवायचं, आणि जाणाऱ्यानं त्या रेड्यावर बसून पुयाची वाट धरायची. पुया म्हणजे मेलेल्यांचं गाव. दक्षिणेला आहे, आणि फार लांब आहे.

मला सगळे इंदो रोम्बे म्हणतात. इंदो म्हणजे आई. रोम्बे माझा एकुलता एक, चार महिन्यांचा असताना झाडात गेला. त्याच्या तोंडात माझ्या आईनं बोट घातलं होतं, तेव्हा ते काम तिचं होतं. भोक नेहमी आईच्या घराकडे पाठ करून कोरतात, आणि आईनं त्या दिवशी तिकडे फिरकायचं नसतं. पुढे बाजाराच्या वाटेवर ते झाड लागायचं, तेव्हा मी खाली मान घालून जायची. पण तो तिथे आहे, वाढतोय, एवढं मला पुरत होतं. नवरा दुसऱ्या खोऱ्यात दुसरी बाई करून राहिला. गेला तर गेला. माझं नाव रोम्बेमुळे होतं, त्याच्यामुळे नव्हतं.

ही गोष्ट रोम्बेची नाही, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाची आहे. बहीण कोम्बोंग, तिचा मुलगा साम्पे. सात महिन्यांचा होता.

तीन दिवस त्याला ताप आणि जुलाब होते. मी पेरूचा पाला उकळून दिला, पोटाला राख लावली, सगळं केलं. चौथ्या दिवशी सकाळी धुकं अजून शेतावरून उठलं नव्हतं, तेव्हा कोम्बोंगचा नवरा दुमा माझ्या दारात येऊन उभा राहिला. दुमा मुळात कमी बोलणारा.

"काय रे? पोरगं?"

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "नेने पालिंगींना सांगून आलो. खोड कोरायला तासण्या घेऊन बसलेत सगळे. तुमच्याच बोटाची वाट बघताहेत."

नेने पालिंगी म्हणजे आमचे म्हातारे पुजारी. झाडाला हात लावायच्या आधी त्यांनी विचारायचं आणि मी सांगायचं, अशी रीत. साम्पेचं झाडच होणार हे गावानं धरून टाकलं होतं. सात महिन्यांच्या पोराला दात कशाला आला असेल?

कोम्बोंगच्या घराची शिडी चढून आत गेले, तर ती भिंतीला टेकून बसली होती. साम्पे मांडीवर. पदर बाजूला, आणि त्याचं तोंड तिनं छातीला लावून धरलं होतं. मी जवळ जाऊन त्याला हात लावला. थंडगार.

"सोड गं त्याला," मी म्हटलं.

"दार लाव आधी."

मी लावलं.

"आता असं कर आक्का," ती म्हणाली. डोळे कोरडे होते. "तू बोट घालू नकोस. नुसतं बाहेर जा आणि सांग, नाही आला म्हणून."

"का?"

"घालू नकोस म्हटलं ना."

मी काही दुधखुळी नाही. त्याच क्षणी मला कळलं. तरी मी त्याचं तोंड तिच्या छातीपासून अलगद काढलं आणि बोट घातलं. वरची हिरडी गुळगुळीत. खालची, उजवीकडून, गुळगुळीत. मग मधोमध, जरा डावीकडे, बोटाला टोक लागलं. तांदळाची कणी असते तेवढं.

"कधी?"

"बाजाराच्या दिवशी. चावला मला. मी ओरडलेच, तर हसला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला येणारच होते! आनंदाची गोष्ट होती ती. तर संध्याकाळी अंग तापलं." तिनं त्याचं डोकं सावरलं. "दुमालाही ठाऊक नाही. मला आणि आता तुला. दोघींनाच."

खाली जोत्याशी डुकरं उकरत होती, त्यांचा आवाज येत होता. बाहेर पुरुषांचं हळू बोलणं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"आक्का, त्याला बसता येत नाही गं," कोम्बोंग म्हणाली. "मागे लोड लावला तरी कलंडतो. तू बघितलंयस ना? तू हसायचीस त्याला. तो रेड्यावर कसा बसेल?"

"बसवतात काहीतरी करून."

"कोण? तिथे कोण आहे बसवायला? रेडा चालायला लागला की पहिल्याच उतारावर पडेल तो. आणि ती वाट अशी की मागून येणारा थांबत नाही, पुढचा वळून बघत नाही. तूच सांगायचीस मला लहानपणी. पडला की पडला. मग? रांगतसुद्धा नाही तो. तिथेच मातीत पडून राहील. किती दिवस? सांग ना, किती दिवस राहील?"

"तुझी सासू आहे तिकडे. ती घेईल."

"ती? तिला स्वतःची पानाची चंची सांभाळता यायची नाही. आणि ती पुयात पोचलीय कधीची. ती काय वाटेत बसून राहिलीय माझ्या पोरासाठी?"

ती बोलत होती ते सगळं खरं होतं. मी पन्नासेक पोरांच्या तोंडात बोट घातलं असेल. दात आलेली पाच-सहा निघाली. पण ती चालती-बोलती पोरं होती, दोन-तीन वर्षांची. एकाला तर रेड्यावर बसायची इतकी हौस होती की आईबाप रडतारडता तेच सांगत होते. बसता न येणारं आणि दात आलेलं पोर माझ्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. हे कुठून नशिबी आलं माझ्या?

"झाडात नाही जाता येत, कोम्बोंग."

"का नाही?"

"माहीत आहे तुला का नाही."

माहीत होतं तिला. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. दात असलेलं तोंड झाडाला चावतं. मग झाड चीक आवरून घेतं आणि आतली सगळी पोरं उपाशी राहतात. सादान नदीच्या पलीकडे एका गावात असंच झालं. एका आईनं लपवलं. झाड एका पावसाळ्यात खालपासून वरपर्यंत वाळलं. आत चौदा पोरं होती. त्या चौदा बायांना, ज्यांना गाव इंदो अमकी, इंदो तमकी म्हणायचं, त्यांना पुन्हा पोरवयातल्या नावानं हाक मारायला लागले. त्यातली एक मला बाजारात भेटायची. तोंडावर बाईपण कसलं उरलंच नव्हतं तिच्या. तिला बघितलं की मी दुसऱ्या रांगेला जायची.

"रोम्बे आहे तिथे म्हणून म्हणतेस तू," कोम्बोंग म्हणाली.

मला राग आला. खरं बोललं की मला फार राग येतो.

"हो, आहे! मग? माझा तो एकटाच आहे. तुला अजून होतील."

तिनं माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही तिनं.

"तुला झाले?"

बाहेरून नेने पालिंगींची हाक आली, "काय गं इंदो रोम्बे, बघितलंस का? ऊन वर येतंय."

"बघतेय!" मी ओरडले. "घाई कसली लागलीय? पोर काय पळून चाललंय?"

बाहेर कुणीतरी हसलं आणि मग लगेच थांबलं.

कोम्बोंगनं माझं मनगट धरलं. "काढ तो."

"काय काढू?"

"दात. नसेल दात तर चावणार कशानं? झाडाला काही होणार नाही. रोम्बेला काही होणार नाही. काढ आक्का. मला जमायचं नाही. तुझी बोटं रोजची."

मी तिला म्हटलं की तुझं डोकं फिरलंय. तिनं ऐकलं नाही. मी म्हटलं की हे करायचं नसतं. ती म्हणाली, कुठे सांगितलंय करायचं नसतं म्हणून? आणि खरंच, कुणी सांगितलेलं नव्हतं. असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं आजवर. मग मी त्याला माझ्या मांडीवर घेतलं, दाराच्या फटीतून उजेड येत होता तिकडे त्याचं तोंड केलं आणि अंगठ्याच्या नखानं तो दात उचकटला. कोवळा होता, हिरडीला नुसता टेकलेला. एका झटक्यात सुटला. मेलेल्याला रक्त येत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी मी दुसऱ्या हातात फडकं धरून बसले होते.

कोम्बोंगनं माझ्या बोटावरून तो दात उचलला, तोंडात टाकला आणि वर पाणी प्यायली.

"आता नाही ना?"

मी पुन्हा बोट फिरवलं. "नाही."

"मग सांग जा."

मी दार उघडून शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहिले. समोर धान्याच्या कोठाराखाली पुरुष बसले होते, तासण्या, कुदळ, काथ्याची गुंडाळी, सगळं तयार. दुमा एका खांबाला धरून उभा. नेने पालिंगी मधोमध.

"तोंडात दात नाही!" मी मोठ्यांदा सांगितलं.

आणि ते खरं होतं. शपथेवर सांगते, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दोघंतिघं उठलेसुद्धा तासण्या घेऊन.

नेने पालिंगींनी हात वर केला. ते सावकाश उठले, धोतर झटकलं. "अजून मी विचारलंच नाही पोरी," ते म्हणाले. "विचारल्यावर सांगायचं. आणि विचारेन तेच सांगायचं."

"तेच सांगतेय."

"आहे की नाही ते कोण विचारतंय? तसं विचारायची रीत नाही." त्यांनी पूर्वेकडे तोंड केलं, काठी जमिनीत रोवली आणि त्यांच्या त्या दुसऱ्या आवाजात, ज्या आवाजात माझ्या आईलाही विचारलं होतं, म्हणाले, "बोटाला विचारतो, माणसाला नाही. दात आला का?"

आला का. आहे का नव्हे. एवढासा फरक, आणि मी त्याच्यावर येऊन आपटले. मला वाटलं होतं की पुढ्यातलं तोंड रिकामं आहे तर मी मोकळी आहे. पण तो आला होता. बाजाराच्या दिवशी आला होता. साम्पे चावला होता आणि हसला होता.

"नाही आला" एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. मी म्हणणारच होते. माझं तोंड उघडलं होतं. आणि त्या वेळी माझी नजर कोठाराच्या छपरावरून पलीकडे गेली. बांबूच्या बेटावरून तार्राचा शेंडा तिथून दिसतो. अकरा वर्षं मी तिकडे बघितलं नव्हतं. पानं हलत होती, हिरवीगार. माझ्या मनात साम्पे आला नाही, कोम्बोंग आली नाही, खरं-खोटं काही आलं नाही. फक्त एवढंच आलं की तो तिथे आहे.

"आला," मी म्हणाले.

आतून एकदाच "आक्का" असं ऐकू आलं. ओरडणं नव्हतं ते. कुणी पायरी चुकल्यावर म्हणतं तसं. त्यानंतर कोम्बोंगनं मला आक्का म्हटलं नाही.

पुरुषांनी तासण्या खाली ठेवल्या. दुमा वर आला, पोराचं तोंड उघडून बराच वेळ बघत राहिला. "कुठे आहे? मला दिसत नाही." मी त्याला सगळं सांगितलं. लपवायचं काय होतं आता? त्यानं ऐकलं आणि साध्या आवाजात विचारलं, "सांगायचंच होतं, तर काढलात कशाला?"

मला कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं.

नेने पालिंगी रागावले नाहीत. म्हणाले, पोर कड्यात जाईल, रेडा मिळेपर्यंत घरात ठेवा. आमच्याकडे रेडा कापेपर्यंत कुणी मेलेलं नसतंच. आजारी असतं. घरात ठेवतात, ताट वाढतात, येताजाता विचारपूस करतात. कुणी महिना, कुणी चार वर्षं आजारी असतं. तसा साम्पे आजारी झाला. कोम्बोंगनं त्याला पाला लावला, चहाची वाळकी पानं भरली, तांबड्या कापडात थरावर थर गुंडाळलं आणि मागच्या खोलीत, आजारी माणसाला निजवतात तसं पूर्व-पश्चिम निजवलं.

दीड वर्षानं दुमानं रेडा आणला. कसा आणला त्याचं त्याला माहीत, राबून हाडं निघाली होती दुमाची. कोम्बोंग शिडीवर उभी राहिली आणि म्हणाली, "रेडा मला काय दाखवतोस? मांडी दाखव. कुणाच्या मांडीवर बसवून पाठवायचं ते सांग, मग काप."

लोकांना आधी वाटलं, दुःखानं बोलतेय. पण ती त्यावरून हललीच नाही. घरातलं कुणी मोठं माणूस जाईल तेव्हा साम्पे त्याच्या मांडीवर जाईल, तोवर तो आजारी. रेडा परत गेला.

तिसऱ्या वर्षी आमचा मामा गेला. सगळे म्हणाले, झालं, सुटलीस, दे मामाबरोबर. कोम्बोंग म्हणाली, "मामा? माडी पिऊन बांधावरून चालताना रोज पडायचा तो. स्वतः बसला तरी पुष्कळ." पुढे दुमाची मावशी गेली. ती बाई चांगली होती, दंडही भक्कम. पण तिच्या मुलांनी नकार दिला. आमची आई जन्मभर दुसऱ्यांची पोरं वागवत आली, आता एकटी जाऊ दे तिला, म्हणाले. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. कोम्बोंग त्यांच्या दारात दोन दिवस बसली. मग उठून आली.

तिला पुढे मूल झालं नाही.

मी त्या दिवसानंतर कुणाच्या तोंडात बोट घातलं नाही. वरच्या वाडीतली एक बाई आता ते काम करते. बोटं मुसळासारखी, जन्मभर पान चघळते, तिला काय लागणार दात का कणी. पण ती तरी घरी जाऊन जेवू शकते. माझं गावात नाव झालं. बहिणीचं पोर असून खरं बोलली म्हणतात. सणावाराला मला पुढे बसवतात. खरं! मला त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं. मी खरं कुठे बोलले? मला माझं पोर वाचवायचं होतं आणि खरं तेवढं हाताशी होतं. दुसऱ्या बाजूला खोटं असतं तर मी तेही बोलले असते.

आणि झाड उभं आहे. हिरवं. दर पावसाळ्यात फुटतं. आता मी मान वर करून बघते, आणि बघून मला काही वाटत नाही. साम्पे आत गेला असता तर वाळलं असतं का? एका बाळाचा, तोही काढलेला दात, त्यानं एवढं झाड वाळलं असतं? मला माहीत नाही. नऊ वर्षं मी हाच विचार करतेय आणि मला अजून माहीत नाही.

या वर्षी माझं पोट फुगायला लागलं. आधी पोट, मग पाय. बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. वैद्य आला, बघितलं आणि बाहेर जाऊन दुमाशी बोलला. माझ्याशी काय बोलायचं, मी सुईण, मला कळतं. भात कापणीला येईपर्यंत मी नसेन. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. मी दुमाला म्हटलं, कोम्बोंगला पाठवून दे.

ती आली. दारातच उभी राहिली, बसली नाही.

"मी चालले," मी म्हटलं. "त्याला माझ्याबरोबर दे."

तिनं दाराची चौकट धरली.

"माझ्याकडे दुसरं कुणी नाही धरायला. रोम्बे झाडात आहे, तो त्या वाटेला यायचाच नाही. माझी मांडी रिकामी आहे. रेडा दुमा आणेल. दे त्याला."

मला वाटलं, रडेल, नाहीतर शिव्या घालेल. दोन्हीला मी तयार होते. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं, बाजारात जनावर बघतात तसं, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांबडं गाठोडं घेऊन आली.

"उठून बस."

मी भिंतीला टेकून बसले.

"भिंत सोड. रेड्याला भिंत नसते."

मी भिंत सोडली. तिनं साम्पेला माझ्या मांडीवर ठेवलं. वजन असं नव्हतंच, वाळक्या पानांची टोपली. पण माझ्या हातांत जोर कुठे होता? मी त्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. नऊ वर्षांनी धरत होते. कोम्बोंग माझ्या मागे गेली, माझे खांदे धरले आणि मला हलवायला लागली. डावीकडे, उजवीकडे, मग पुढे, उतार आला की रेडा झुकतो तसं. चौथ्या-पाचव्या हिसक्याला माझी बोटं सुटली. गाठोडं घरंगळलं. जमिनीला लागायच्या आत तिनं झेललं. मी पाडणार हे तिला आधीच ठाऊक होतं.

"तिथे कुणी झेलणार नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"खातेस का काही?"

"गिळवत नाही."

"गिळ."

तिनं चुलीवरचा भात ताटात घेतला, वर कसाव्याच्या पाल्याची भाजी घातली आणि माझ्या पुढ्यात आदळला. ती समोर बसून राहिली, ताट रिकामं होईपर्यंत.

तेव्हापासून ती रोज येते. आधी भात, मग भिंत सोडायची, मग साम्पे मांडीवर आणि ती मागून हलवते. सहाव्या दिवशी मी चुलीवरच्या पाण्याला उकळी फुटेपर्यंत त्याला धरून ठेवलं. तिच्या तोंडावर काहीतरी हललं, मी बघितलं. त्यानंतर दोन दिवस बरे गेले. मग श्वास लागायला लागला. पायाचं पाणी मांडीवर चढलंय, मांडी टणक आणि गोल झालीय, त्यावर काही ठरत नाही. नऊ वर्षं मी मरण मागत होते. आता डुकराचा चरबीवाला तुकडा दिसला की ओढून घेते, लाज सोडून, आणखी चार दिवस मिळावेत म्हणून. कुणाकडे मागू ते कळत नाही. पूर्वेकडे मागते, दक्षिणेकडे मागते.

आज तो तिसऱ्याच हिसक्याला घसरला.

"फडक्यानं बांधून टाक ना गं त्याला माझ्या अंगाला," मी म्हटलं. मला रडू आलं होतं. "घट्ट बांध. मी हलणारसुद्धा नाही."

"फडकं कुजतं," कोम्बोंग म्हणाली. "वाट लांबची आहे. हातच लागतात."

तिनं कापडाची सुटलेली कड खोचली, त्याला खांद्यावर घेतलं आणि पाठीवर हात ठेवून दारापर्यंत गेली. तिथे वळून माझ्या हातांकडे बघितलं.

"उद्या," ती म्हणाली.

ती शिडी उतरत होती तेव्हाच मी उरलेल्या भाताचं ताट पुढे ओढलं. घास तोंडात नुसता फिरत राहिला, खाली उतरेना. मी डोळे मिटून तो ढकलला आणि दुसरा उचलला.